भिंतीवरचा हात

भिंतीला कान असतात असें आपण नेहमीं म्हणतों. पण भिंतीला गालहि असतो, आणि त्या गालावरून रोज पहाटे हात फिरविणारें कोणी आपल्याच घरांत असूं शकतें, हें मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं, गेल्या चैत्रांत कळलें. कळलें तें घर रंगविण्याच्या निमित्तानें. आणि ज्या चुकीमुळें कळलें तींत माझा वांटा निम्म्याहून अधिक होता. म्हणून ही हकीकत दुसऱ्या कोणीं सांगण्यापेक्षां मीच सांगितलेली बरी.

आमचा वाडा सदाशिव पेठेंत, नागनाथपाराच्या अलीकडच्या एका बोळांत आहे. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचें नांव मिरविणाऱ्या या पेठेंत आतां वाडे थोडे आणि इमारती फार, अशी स्थिति झाली आहे. आमच्याहि वाड्याच्या पुढच्या भागाची इमारत केव्हांच झाली. मागचा चौक, माजघर, देवघर आणि वरच्या तीन खोल्या एवढा भाग मात्र अजून आमच्या ताब्यांत, आणि बऱ्याच अंशीं आमच्या अंगावर, उभा आहे. त्यांत राहणारीं माणसें म्हणजे आमचे थोरले बंधु दादा व वहिनी, मी व आमचें कुटुंब, दादांचा मुलगा, सून व त्यांचीं दोन मुलें; आणि या सर्वांच्या वर आमच्या काकू. काकूंचें वय अठ्ठ्याऐंशी. काचबिंदूनें त्यांची दृष्टि गेली त्यास आतां तेरा वर्षें होत आलीं. परंतु त्यांनीं काठी घेतली नाहीं आणि कोणाचा हातहि धरला नाहीं. "डोळे गेले आहेत, घर कोठें गेलें आहे?" असें त्या म्हणत, आणि आम्हांलाहि तें ऐकण्याची इतकी संवय झाली होती कीं, त्या कशा चालतात याचा विचार आमच्यापैकीं कोणीं केला नव्हता.

वैशाखांत धाकट्या नातवाची मुंज ठरली. कार्य कार्यालयांत व्हावयाचें असलें तरी केळवण, ग्रहमख आणि पाहुण्यांचा राबता घरींच. तेव्हां माजघराला रंग द्यावा असें ठरलें. आमच्या घराचा रंग गेलीं पस्तीस वर्षें एकाच रंगाऱ्याच्या हातचा आहे. त्यांना विचारलें तेव्हां ते म्हणाले, "माजघर आणि देवघराची पडवी मिळून अठरा दिवस लागतील." हें ऐकून आमच्या पुतण्याला हंसूं आलें. तो यंत्रांच्या धंद्यांतला. "काका," तो मला म्हणाला, "हल्लीं ब्रश कोण मारतो? फवाऱ्याचें यंत्र भाड्यानें मिळतें. एका रविवारांत माजघर पुरें करतों, आणि भिंत अशी होईल कीं आरसा वाटावा!"

बत्तीस वर्षें शाळेंत पदार्थविज्ञान शिकविलेल्या माणसाला यंत्राचें वर्णन करून दाखविणें म्हणजे लहान मुलाला पेढा दाखविण्यासारखेंच आहे. मी तात्काळ वश झालों. दादा मात्र वर्तमानपत्रांतून डोकें वर न काढतां म्हणाले, "ज्ञानोबांनीं भिंत चालविली, तुम्ही ती नुसती रंगवून दाखवा म्हणजे झालें." मीं त्याच संध्याकाळीं रंगाऱ्यांना फोन करून या खेपेस काम नाहीं असें कळविलें. क्षणभर थांबून ते म्हणाले, "बरं, मास्तर. पण माजघरांतल्या त्या भिंतीचं एक सांगायचं होतं—" मला वाटलें, ते आतां कामासाठीं रदबदली करणार. पस्तीस वर्षांच्या संबंधाला शोभेल असें तें संभाषण टाळावें म्हणून मीं घाईनें म्हटलें, "पुढें कांहीं निघालें तर कळवूंच," आणि फोन ठेवला. त्यांचें तें अर्धवट राहिलेलें वाक्य पुढें मला किती महाग पडणार होतें, याची तेव्हां कल्पना नव्हती.

रविवार येईपर्यंत मीं या यंत्राची वंशावळ वाचून काढली, आणि ती मोठी मनोरंजक आहे. अमेरिकेंत ओहायो संस्थानांतील टोलेडो गांवीं डेव्हिल्बिस नांवाचे एक डॉक्टर होते. रोग्याच्या घशांत औषध नीट पोंचावें म्हणून त्यांनीं १८८८ च्या सुमारास औषधाचा फवारा उडविणारें एक उपकरण तयार केलें. पुढें त्यांच्या मुलानें १९०७ च्या सुमारास तीच युक्ति रंगाला लावली. त्याआधींच शिकागो शहरांतील एका मोठ्या पेढीच्या इमारतीची देखभाल करणाऱ्या जोसेफ बिंक्स या गृहस्थानें तळघराच्या भिंतींना चुना देण्याचा कंटाळवाणा खटाटोप वांचविण्यासाठीं हातपंपाचें एक यंत्र रचलें होतें. आणि १८९३ सालीं त्याच शिकागोंत जें जागतिक प्रदर्शन भरलें, त्यांतील प्रचंड इमारती मुदतींत पांढऱ्या करण्यासाठीं हीच फवाऱ्याची रीत वापरण्यांत आली. लोक त्या प्रदर्शनाला 'श्वेतनगरी' म्हणूं लागले. त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानें भरलेल्या सर्वधर्मपरिषदेंत स्वामी विवेकानंद बोलले, हें आपण सर्व जाणतों. त्या नगरीच्या भिंती कोणीं व कशा रंगविल्या हें मात्र मला तरी ठाऊक नव्हतें.

आमच्याकडे आलेलें यंत्र याच्या पुढच्या पिढींतलें. त्यांत हवेचा उपयोग नसतो. पंप बादलींतला रंग ओढून घेतो आणि दर चौरस इंचास दोन हजार पौंडांच्या आसपास दाब देऊन तो एका बारीक फटींतून बाहेर फेकतो. मोटारीच्या चाकांत तीस-बत्तीस पौंडांचा दाब असतो, यावरून या शक्तीची कल्पना यावी. फटींतून निघतांना रंगाचा आधीं एक पातळ पडदा होतो, आणि तो पुढें हवेशीं झगडतांना फुटून त्याचे असंख्य कण होतात. हे कण भिंतीवर ओले पोंचले पाहिजेत. तेथें ते एकमेकांत मिसळून, पृष्ठताणामुळें आपोआप सपाट होतात. गुळगुळीतपणाचें सारें रहस्य या एका वाक्यांत आहे. कण वाटेंतच सुकला तर तो वाळूसारखा चिकटून बसतो. रंग फार दाट असला तर कण पसरत नाहीं. आणि एकाच ठिकाणीं कण फार झाले तर ते ओघळतात. हें सगळें मीं शनिवारीं रात्रीं पुतण्याला फळ्यावर शिकवावें तसें समजावून दिलें. रविवारीं सकाळीं आम्हीं तें सगळें विसरून काम केलें.

भिंतीची तयारी आम्हीं दोन दिवस आधीं केली होती. जुन्या रंगाचे पोपडे काढले, खळगे लांबीनें बुजविले, आणि वरून काचकागद फिरविला. घासण्याचें काम मजकडे होतें, आणि एकहि खळगा शिल्लक ठेवावयाचा नाहीं असा मीं चंगच बांधला होता. देवळीच्या थोडें पलीकडे, कमरेच्या किंचित् वर, अंगठा मावेल एवढा एक खळगा होता. तो मीं स्वतः बुजविला. एकदां लांबी बसून खोल गेली म्हणून दुसऱ्यांदा भरली, आणि दिवसाच्या उजेडांत बोट फिरवून पाहिलें. खळगा कोठें होता हें सांपडेना. त्या वेळीं मला झालेला आनंद आठवला कीं अजूनहि शरम वाटते.

रविवारीं माजघरांतील सामान हलवून, लाकडी खांब, तुळया व दारें कागदानें झांकण्यांतच दुपारचे बारा वाजले. चैत्रांतलें ऊन, आंत उकाडा असह्य. पुतण्यानें पंखा पुऱ्या वेगानें लावला आणि यंत्र सुरू केलें. रंग गाळून घ्यावा असें आमच्या कुटुंबानें सुचविलें होतें. "ताकसुद्धां आम्ही गाळून घेतों, मग रंग नको का?" असा तिचा साधा प्रश्न होता. डब्यांतून आलेला नवा रंग काय गाळावयाचा, असें आम्हां दोघां तज्ज्ञांचें मत पडलें. पांच मिनिटांत तोटी तुंबली. ती उलटी फिरवून मोकळी करतांना पुतण्याचें बोट तोटीच्या तोंडाशीं गेलें, तेव्हां मीं ओरडून त्याला थांबविलें. तेवढी एक गोष्ट मात्र मीं वाचलेली विसरलों नव्हतों, आणि ती वाचकांनींहि विसरूं नये: या दाबानें रंग कातडींतून सरळ आंत घुसतो, वरून नुसतें टांचणीचें टोंचणें दिसतें, आणि तरीहि तात्काळ इस्पितळ गांठून शस्त्रक्रिया करावी लागते. दाब सोडून दिल्यावांचून तोटीला हात लावूं नये, आणि मुलांना तर त्या खोलींत पाऊलहि टाकूं देऊं नये.

संध्याकाळीं काम पुरें झालें. दिव्याच्या उजेडांत भिंत पांढरीशुभ्र दिसत होती. पुतण्या खूष, मी खूष, मुलें टाळ्या वाजवीत होतीं. दादा आंत आले, त्यांनीं एकवार चोहोंकडे पाहिलें, आणि "हं" एवढेंच म्हणून ते जेवावयास गेले.

दुसऱ्या दिवशीं पहाटे साडेपांचला मी पाणी पिण्यासाठीं उठलों, तों माजघरांत कोणी तरी उभें असल्याचा भास झाला. दिवा लावला. स्नान आटोपून काकू भिंतीशीं उभ्या होत्या. उजव्या हाताचा तळवा भिंतीवर टेकलेला, डावा हात पुढें पसरलेला. त्या पुढेंहि जात नव्हत्या, मागेंहि येत नव्हत्या. माझी चाहूल लागतांच त्यांनीं विचारलें, "कोण आहे? अरे, मी कोणाच्या घरांत आलें?"

आमच्या घरांत सत्तर वर्षें काढलेल्या बाईच्या तोंडून हा प्रश्न ऐकून माझ्या पोटांत धस्स झालें. मीं त्यांना हाताला धरून देवघराकडे नेलें. त्यांनीं हात सोडविला नाहीं. तेरा वर्षांत ही पहिलीच वेळ. देवघराच्या पायरीशीं आल्यावर त्या थांबल्या आणि पायानें पायरी चांचपीत म्हणाल्या, "पायरी इथें आहे होय! मला वाटलें अजून पुष्कळ लांब आहे." त्यांचा तळवा मीं उजेडांत पाहिला. बोटांच्या पेरांवर बारीक ओरखडे होते.

मग मीं स्वतः त्या भिंतीवर हात फिरविला. डोळ्यांना जी पांढरीशुभ्र दिसत होती, ती भिंत हाताला काचकागदासारखी खरखरीत लागत होती.

त्याच सकाळीं मी रंगाऱ्यांच्या घरीं, पर्वतीच्या पायथ्याशीं गेलों. फोन करण्याचा धीर झाला नाहीं. त्यांनीं मला बसावयास दिलें, चहा दिला, आणि मीं सर्व सांगून झाल्यावर एवढेंच म्हटलें, "चला, बघूं या." रागाचा एक शब्द नाहीं. आपल्यावर कोणी रागावलें असतें तर बरें झालें असतें, असें वाटण्याचे जे थोडे प्रसंग आयुष्यांत येतात, त्यांपैकीं तो एक होता.

ते माजघरांत आले ते आधीं पंखा कोठें आहे हें पाहूं लागले. "हा चालू होता ना?" त्यांनीं विचारलें. मग खिडक्या लावून अंधार केला, आणि एक विजेचा दिवा भिंतीला अगदीं टेकवून बाजूनें धरला. समोरून पाहतांना सपाट दिसणारी भिंत त्या आडव्या प्रकाशांत एकदम बोलूं लागली. मधल्या भागावर सर्वत्र वाळू पसरल्यासारखे कण. खिडकीजवळ संत्र्याच्या सालीसारखी खाचाखोंचांची कातडी. कोपऱ्यांत तीन लांबट ओघळ. आणि प्रत्येक पट्ट्याच्या दोन्ही टोंकांना रंग विरळ, मध्यें दाट.

रंगाऱ्यांनीं एकेक दोष बोटानें दाखवून त्याचें कारण सांगितलें. पंख्याचा वारा आणि दुपारचा उकाडा यांनीं कण वाटेंतच सुकले. त्यांत आम्हीं तोटी दोन हात लांब धरली होती. खिडकीजवळ आम्हीं भीतीनें दाब कमी केला, आणि रंगांत डब्यावर लिहिलें होतें तेवढेंहि पाणी घातलेलें नव्हतें. म्हणून साल उठली. ओघळांचें कारण मला ठाऊक होतें: पुतण्याचा फोन वाजला आणि घोडा दाबलेला ठेवूनच तो क्षणभर वळला. टोंकांची विरळता मनगटामुळें. "हात सरळ गेला पाहिजे, मास्तर. झाडू मारल्यासारखा गोल फिरला कीं टोंकाला रंग पोंचत नाहीं." मीं जो पाठ फळ्यावर शिकविला होता, तोच त्यांनीं भिंतीवर वाचून दाखविला. फरक एवढाच कीं, त्यांना त्याची परीक्षा देतां येत होती.

पुढें ते दिवा तसाच धरून भिंतीच्या कडेकडेनें चालूं लागले. देवळीच्या पलीकडे गेल्यावर थबकले. तेथें तळवा टेकवून पुन्हां पुन्हां फिरविला. "इथं एक खळगा होता," ते म्हणाले. "बुजवला कोणीं?"

"मीं," मीं म्हटलें. अजूनहि माझ्या आवाजांत थोडा अभिमान होता, हें कबूल केलें पाहिजे.

त्यांनीं दिवा खालीं ठेवला. "दहा वर्षांमागं हें माजघर केलं, तेव्हां मी तो भरायला घेतला होता. आजी इथं येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, 'बाबा, एवढा ठेव. इथून तीन पावलांवर पायरी आहे. हा हाताला लागला कीं मी पाय उचलायच्या तयारींत असतें.' मी तो तसाच ठेवून वरून रंग दिला. फोनवर तुम्हांला तेंच सांगत होतों."

मला बोलण्यासारखें कांहीं नव्हतें. काकूंना जिची पायवाट करून आम्ही दिली असें आम्हांला वाटत होतें, ती त्यांची त्यांनींच आंखलेली होती: खोलीची चौकट, मग पांच पावलें सपाट भिंत, मग देवळीची कड, मग तो खळगा, मग तीन पावलें, मग पायरी. खुणेवांचून उरलेल्या जागीं भिंत गुळगुळीत हवी, कारण हात तिच्यावरून न अडखळतां सरकावयास हवा. आम्हीं नेमकें उलट करून ठेवलें होतें. जेथें गुळगुळीत हवें तेथें वाळू, आणि जेथें खळगा हवा तेथें आरसा! त्या पहाटे काकू मध्येंच थांबल्या नसत्या तर त्या पायरीवर पडल्याच असत्या. आणि अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीं खुब्याचें हाड मोडणें म्हणजे काय, हें ज्या घरांत घडलें आहे त्या घराला सांगावयास नको.

काम पुन्हां सुरू झालें. रंगाऱ्यांनीं यंत्र परत पाठवूं दिलें नाहीं, याचें मला नवल वाटलें. त्यांचा मुलगा सिंहगड रस्त्यावरच्या नव्या इमारतींत हेंच यंत्र चालवितो. "मोकळ्या इमारतींत याच्यासारखी चीज नाहीं," ते म्हणाले. "राहत्या घरांत झांकाझांकींतच दिवस जातो. पण छताला आणि मोठ्या भिंतीला आणलंच आहे तर वापरूं. यंत्र वाईट नसतं. तें फक्त रंग भिंतीपर्यंत पोंचवतं. भिंत तें करीत नाहीं."

ती 'भिंत करणें' म्हणजे काय हें मीं पुढचे बारा दिवस पाहिलें. ज्यांना घरीं हें काम काढावयाचें आहे, त्यांच्या उपयोगासाठीं तें थोडक्यांत लिहितों. सुकलेले कण आधीं घासून काढले. लांबीचा एक जाड हात न देतां दोन पातळ हात दिले. दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेनें. ती पुरी वाळल्यावर आधीं जाड, मग बारीक काचकागद, आणि तोहि हातानें नव्हे तर सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळून. कारण बोटांनीं घासलें तर बोटांच्या दाबाचे चर पडतात. प्रत्येक घासणीनंतर तो आडवा दिवा. दोष दिसला कीं पेन्सिलीचें वर्तुळ, पुन्हां थोडी लांबी, पुन्हां घासणी. मग ओलसर फडक्यानें भिंतीवरची सगळी धूळ पुसून काढणें. "धुळीवर दिलेला रंग धुळीलाच चिकटतो," हें त्यांचें वाक्य मीं मनांत लिहून ठेवलें आहे. त्यानंतर अस्तराचा हात. अस्तरानें भिंतीची तहान सगळीकडे सारखी होते, नाहीं तर लांबीची जागा रंग अधिक पिते आणि तेथें डाग दिसतो. अस्तर दिल्यावर जे नवे दोष वर आले, ते पुन्हां दुरुस्त केले. इतकें झाल्यावर मग रंग; आणि सबंध कामांत सर्वांत थोडा वेळ त्यालाच लागला.

दारांच्या चौकटी घासतांना त्यांनीं पाणी लावून ओली घासणी केली आणि मुलांना दोन दिवस वरच्या मजल्यावर ठेवावयास सांगितलें. जुन्या तेलरंगांत शिसें असे, आणि त्याची धूळ पोटांत जाणें मुलांना फार वाईट. घरगुती रंगांत शिसें दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावें असा नियम आपल्या सरकारनें २०१६ सालीं केला, आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण त्यापूर्वींचे थर आपल्या चौकटींवर अजून बसलेलेच आहेत, हें विसरतां कामा नये.

चौकाकडच्या भिंतीला मात्र त्यांनीं हा रंग लावूंच दिला नाहीं. ती विटांची, चुन्याच्या गिलाव्याची. खालून ओल चढते आणि लोणा धरतो. वरून रबरासारखा रंग दिला तर आंतली ओल कोंडते आणि पहिल्याच पावसाळ्यांत पोपडे सुटतात. तिला आमच्या वडिलांच्या वेळेपासून चालत आलेली चुन्याची सफेदीच: विरवलेला चुना गाळून, त्यांत थोडा डिंक आणि किंचित् नीळ घालून पातळ तीन हात. "हिला श्वास घेऊं द्या," असें ते म्हणाले. विज्ञानाच्या भाषेंतहि मला याहून वेगळें कांहीं सांगतां आलें नसतें.

फवाऱ्याचें काम त्यांच्या मुलानें सकाळीं सातला, ऊन चढण्यापूर्वीं, पंखा बंद ठेवून आणि नाकातोंडावर जाळी बांधून केलें. रंग डब्यावर सांगितलें होतें तेवढेंच पाणी घालून मलमलींतून गाळला. गाळणीवर जो गाळ उरला तो आमच्या कुटुंबानें मला मुद्दाम आणून दाखविला. तोटीवर ५१७ असा आंकडा होता. त्याचा अर्थ त्या मुलानें सांगितला: पहिल्या आंकड्याची दुप्पट म्हणजे दहा इंच रुंदीचा पट्टा एक फुटावरून पडतो, आणि पुढचे १७ म्हणजे इंचाच्या हजार भागांपैकीं सतरा भागांएवढें छिद्र. आधीं जुन्या पुठ्ठ्यावर फवारून पाहिलें. दाब कमी असतांना पट्ट्याच्या दोन्ही कडांना शेपट्या दिसत होत्या. त्या ज्या दाबाला नाहींशा झाल्या तेथेंच दाब ठेवला, त्याहून वर नेला नाहीं. तोटी भिंतीपासून एक वीत आणि चार बोटें, म्हणजे फूटभर, आणि भिंतीला काटकोनांत. मनगट न वळवितां सबंध हात भिंतीला समांतर चालवावयाचा; हात चालूं लागल्यावर घोडा दाबावयाचा आणि थांबण्यापूर्वीं सोडावयाचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावयाचा. एक भिंत सुरू केली कीं ती एका दमांत संपवावयाची, चहासाठीं मध्यें थांबावयाचें नाहीं. नाहीं तर सुकलेल्या कडेचा सांधा जन्मभर दिसतो. मुलगा पुढें फवारीत जाई आणि मागोमाग त्याचे वडील, ओल्या रंगावरून, बारीक लवेचा रूळ हलक्या हातानें फिरवीत. त्या रुळानें रंग भिंतींत मुरतो आणि पुढेंमागें डागडुजी केली तर ती वेगळी दिसत नाहीं. बापलेकांचें तें पुढें-मागें चालणें पाहतांना पुतण्या माझ्या शेजारीं उभा होता. तो हळूच म्हणाला, "काका, मीं यंत्राचें भाडें भरलें, चालवणाऱ्याचें भरलें नाहीं." पोर हुशार आहे.

शेवटचा हात वाळल्यावर रंगाऱ्यांनीं काकूंना बोलाविलें. त्यांच्या हातांत लहान चाकू होता. काकूंनीं चौकटीपासून चालावयास सुरुवात केली. उजवा तळवा नव्या भिंतीवरून सरकत होता. कोठें अडत नव्हता. देवळी ओलांडून त्या दोन पावलें गेल्या आणि थांबल्या. "इथें," त्या म्हणाल्या. रंगाऱ्यांनीं तेथें चाकूचें टोंक टेकविलें. "जरा खालीं. अजून. हां." माझी दोनदां भरलेली, दोनदां घासलेली ती लांबी त्यांनीं हलक्या हातानें कोरून काढली, कडा काचकागदानें गोल केल्या, आणि आंतून अस्तराचा व रंगाचा हात दिला. दुसऱ्या दिवशीं काकूंनीं त्यांत अंगठा ठेवून पाहिला. "आतां घर आलें," एवढेंच त्या म्हणाल्या, आणि तीन पावलें चालून, पाय उचलून, देवघरांत गेल्या.

रंगाऱ्यांचा हिशेब देतांना मीं आमच्या चुकीचे दिवस धरून रक्कम पुढें केली. त्यांनीं ठरल्यापेक्षां एक रुपयाहि जास्त घेतला नाहीं. मीं आग्रह केला तेव्हां ते म्हणाले, "मास्तर, पुढच्या खेपेला फोन ठेवूं नका, म्हणजे झालं." मीं मान खालीं घातली. शाळेंत पोरांनीं वाक्य अर्धवट ऐकून उत्तर दिलें तर मी त्यांना बांकावर उभें करीत असें.

मुंजीच्या आदल्या दिवशीं माजघर पाहुण्यांनीं भरलें होतें. भिंतीची तारीफ जो तो करीत होता. पुतण्या यंत्राचें नांव न काढतां गप्प बसून ऐकत होता. आमचे एक दूरचे व्याही बांधकाम खात्यांत होते. ते भिंतीजवळ गेले, हात फिरवीत पुढें सरकले आणि देवळीच्या पलीकडे थांबून मोठ्यानें म्हणाले, "वा! काम झकास झालें आहे. फक्त एवढी एक जागा भरावयाची राहिली वाटतें."

मी कांहीं बोलणार तोंच दादांनीं वर्तमानपत्र खालीं ठेवलें.

"राहिली नाहीं," दादा म्हणाले, "ठेवली आहे."